शेवटच्या प्रकरणातील लग्नघाई

माझ्या एका कादंबरीचे हस्तलिखित प्रकाशकांकडून परत आले तेव्हा त्याच्यासोबत एक यादी होती. वाण्याकडे पाठवावी तशी, एकाखाली एक आकडे घालून केलेली. गोष्ट जुनी आहे आणि प्रकाशक सज्जन होते, म्हणून त्यांचे नाव मी घेत नाही. यादी मात्र मला अजून पाठ आहे. कलम पहिले : माडीवरच्या मास्तरांचे अडलेले पेन्शन सुटले काय? कलम दुसरे : विहिरीच्या दाव्याचा निकाल काय लागला? तिसरे : धाकट्या नणंदेचे लग्न जमले की नाही? चौथे : काकूंचा घर सोडून गेलेला मुलगा परत आला काय? पाचवे : ओसरीवर निजणाऱ्या त्या भिकाऱ्याचे पूर्ववृत्त कोणते? आणि खाली एक ओळ होती, की एवढे धागे जुळवून द्यावेत, म्हणजे पुस्तक छपाईस घेता येईल.

मी तरुण होतो आणि माझे पुस्तक छापले जावे अशी मला फार इच्छा होती. चार दिवस बसून मी पाच आयुष्ये निकालात काढली. मास्तरांना थकबाकीसह पेन्शन मिळवून दिले. विहिरीचा दावा आपसांत मिटवला. ज्यांच्याशी दावा होता त्यांच्याच भाच्याला नणंद देऊन टाकली. एका दगडात दोन पक्षी मारल्याचा मला त्या दिवशी भलताच आनंद झाला होता. भिकारी हा मास्तरांचा लहानपणी हरवलेला भाऊ निघाला. आणि काकूंचा मुलगा संध्याकाळच्या गाडीने एक ट्रंक घेऊन आला व आईच्या पाया पडला. त्याला मी अर्धे पान दिले होते.

पुस्तक निघाले, बऱ्यापैकी खपले. एका परीक्षणकर्त्यांनी लिहिले की लेखकाने सर्व उपकथानकांचे धागे शेवटी मोठ्या कौशल्याने एकत्र गुंफले आहेत. त्या परीक्षणाचे कात्रण मी पुष्कळ वर्षे जपून ठेवले होते. ते कौशल्य माझे नव्हते, त्या यादीचे होते. आणि ज्याला तिथे गुंफणे म्हटले होते ती निव्वळ बोचकी बांधण्याची घाई होती. आज मला भांडायचे आहे ते ह्या यादीशी. कारण ती यादी एका प्रकाशकाची नाही. संपादकांच्या, परीक्षकांच्या, आणि रागावू नका, वाचकहो, आपल्याही मनात ती असते. कादंबरीचे शेवटचे प्रकरण म्हणजे संध्याकाळी पाचला रिकामे करून द्यायचे मंगल कार्यालय आहे अशी आपली समजूत झाली आहे. वाजंत्री थांबायच्या आत रुसवे काढायचे, आहेर वाटायचे, चुकलेली पोरे शोधायची, आणि कुणी अविवाहित उरलाच असेल तर त्यालाही बोहोल्यावर चढवून मोकळे व्हायचे. टीव्हीवरची मालिका बंद होण्याच्या आठवड्यात काय काय उरकले जाते ते आपण सारे पाहतोच. हेन्री जेम्सने १८८४ मध्ये कादंबरीकलेवर निबंध लिहिला, त्यात शेवटी वाटल्या जाणाऱ्या ह्या खिरापतीची त्याने यथेच्छ थट्टा केली आहे. थट्टेला इतकी वर्षे होऊन गेली, पण खिरापत वाटायची काही थांबलेली नाही.

ही रीत आली कुठून? आमच्याकडे ती पहिल्यापासून आहे. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालची. त्या अद्भुतरम्य जगात ताटातूट झालेल्यांची भेट आणि दुष्टांना शासन हाच कथेचा हेतू होता. तिथे तो शोभतो. राजपुत्र वाटेतच हरवला तर कथाच फसली. तिकडे इंग्लंडात डिकन्सच्या बहुतेक मोठ्या कादंबऱ्या मासिक हप्त्यांनी निघत. हप्ता बत्तीस पानांचा. वीस हप्ते एकोणीस महिन्यांत, म्हणजे शेवटचा अंक जोडअंक. दीड वर्षाहून अधिक काळ महिन्याला एक शिलिंग मोजणाऱ्या गिऱ्हाईकाला आपल्या ओळखीच्या प्रत्येक पात्राचे पुढे काय झाले हे त्या जोडअंकात कळायला हवे असे. तो व्यवहार होता आणि डिकन्स तो चोख पाळी. आपल्याकडे काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्या परंपरेत पुढे ‘संपूर्ण कादंबरी’ नावाचा एक प्रकार रुळला. संपूर्ण म्हणजे काय, तर ह्या अंकात सुरू होऊन ह्याच अंकात संपणारी. संपादकांनी दिलेली पाने संपत आली की पात्रांचीही आयुष्ये संपवावी लागतात. मी स्वतः अशा दोन लिहिल्या आहेत, तेव्हा घरचा अनुभव सांगतो आहे. सांगायचे एवढेच, की सर्व धागे जुळवण्याचा नियम हप्त्यांच्या आणि पानांच्या हिशेबातून आला. हिशेबाला माझी ना नाही. पण बाजाराच्या सोयीला आपण कलेचे शास्त्र म्हणू लागलो, तिथे माझा आक्षेप आहे.

ह्या शास्त्राने केवढे मोठे अपघात होतात त्याचा एक दाखला देतो. टॉलस्टॉयची ‘ॲना कॅरेनिना’ १८७५ पासून ‘रुस्की व्हेस्तनिक’ ह्या रशियन मासिकात क्रमशः येत होती. सातव्या भागाच्या अखेरीस ॲना आगगाडीखाली जीव देते. आठवा भाग टॉलस्टॉयने लिहिला तो मुख्यतः लेव्हिनचा. म्हणजे आपल्या शास्त्राच्या भाषेत, उपकथानकाचा. सर्बियाच्या मदतीसाठी तुर्कांविरुद्ध लढायला निघालेल्या रशियन स्वयंसेवकांविषयी त्या भागात जे लिहिले होते ते संपादक कात्कोव्ह ह्यांना रुचले नाही आणि १८७७ साली त्यांनी तो भाग छापायचे नाकारले. खरे कारण राजकारणाचे. पण वाचकांना सांगितले गेले ते असे, की नायिकेच्या मृत्यूबरोबर कादंबरी वास्तविक संपलीच आहे. वर पुढच्या भागात काय असते ते चार ओळींत देऊन टाकले. टॉलस्टॉयला तो भाग वेगळे पुस्तक म्हणून छापावा लागला. नायिका मेली, आता लेव्हिनचे काय घेऊन बसलात, असे म्हणणे किती सोपे होते पाहा! आज तो आठवा भाग काढून ती कादंबरी वाचायची कल्पना तरी कोणी करील काय?

ह्या कादंबरीची गंमत अशी, की ॲना आणि लेव्हिन साऱ्या पुस्तकात एकदाच भेटतात, तेही सातव्या भागात, एका संध्याकाळपुरते. आमच्या यादीवाल्यांच्या हाती हे हस्तलिखित पडते तर त्यांनी लिहिले असते, की लेव्हिनचे ॲनाशी काही नाते जोडावे, निदान त्याने तिला स्टेशनवर वाचवण्याचा प्रयत्न तरी करावा. त्या काळीही राचिन्स्की ह्या परिचितांनी टॉलस्टॉयला कळवले होते, की ह्या पुस्तकात दोन विषय शेजारी शेजारी चालतात, त्यांना जोडणारी रचनाच नाही. १८७८ सालच्या उत्तरात टॉलस्टॉय म्हणतो, मला अभिमान आहे तो नेमका रचनेचाच. कमानी अशा जुळवल्या आहेत की मधला दगड कुठे बसला आहे ते दिसू नये. आणि हा जोड घटनांचा नाही, पात्रांच्या ओळखीपाळखीचाही नाही, तो आतला आहे. एक बाई प्रेमाच्या पोटी जगणे अशक्य करून घेते. एक माणूस, जवळ प्रेम आणि संसार असूनही, जगावे कशासाठी ह्या प्रश्नाने इतका घेरला जातो की आत्महत्येच्या भयाने दोरी लपवून ठेवतो. हे एकाच प्रश्नाचे दोन जन्म आहेत. त्यांची सोयरीक कशाला जमवायला हवी?

आता कोणी म्हणेल, तर मग काय, सगळेच मोकळे सोडून द्यायचे? दाव्याचा निकाल सांगायचा नाही, खून कोणी केला ते सांगायचे नाही, आणि नायकाला धुक्यात चालत पाठवून खाली ‘समाप्त’ लिहायचे? छे! ह्या दुसऱ्या पंथाशी तर माझे भांडण अधिक कडाक्याचे आहे. यादीवाले निदान कष्ट तरी घेतात. धुकेवाले काहीच करीत नाहीत, आणि वर त्यालाच जीवनाची अपूर्णता म्हणतात. जीवन अपूर्ण असेल. पुस्तकाची किंमत मात्र वाचकाने पूर्ण मोजलेली असते. डिकन्स १८७० च्या जूनमध्ये वारला तेव्हा त्याची ‘एडविन ड्रूड’ बारापैकी सहा हप्ते होऊन थांबली. दीडशेहून अधिक वर्षे झाली, एडविनचे काय झाले ह्याचा शोध लोक अजून घेत आहेत आणि आपल्या पदरचे शेवट जोडीत आहेत. त्याला मृत्यूने अडवले म्हणून आपण त्याला क्षमा करतो. हातीपायी धडधाकट असलेल्या लेखकाने तेच केले तर त्याला कर्जबुडवा म्हणावे.

कर्ज हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. कादंबरीकार वाचकाकडून कुतूहल उसने घेतो. जिथे त्याने स्वतः होऊन हात पसरला असेल तिथे परतफेड केलीच पाहिजे. माझ्या त्या कादंबरीत वाडा राहणार की जाणार हे विहिरीच्या दाव्यावर लटकत ठेवलेले होते. तेव्हा कलम दुसरे विचारण्याचा प्रकाशकांना पूर्ण हक्क होता आणि मी तो दावा तडजोडीत गुंडाळला ही माझी लबाडी होती. पण मास्तरांचे पेन्शन मी कुणाकडून उसने घेतले नव्हते. ते मिळते की नाही ही त्यांची गोष्टच नव्हती. रोज सकाळी धुतलेला कोट घालून कचेरीत जाणारा आणि दुपारी परत येऊन ‘उद्या बोलावलंय’ म्हणणारा माणूस, ही त्यांची गोष्ट. ज्या सकाळी त्यांनी कोट खुंटीवरून काढला नाही त्या सकाळी ती संपली होती. मी ती सकाळ लिहिलीही होती, दहाव्या प्रकरणात. त्यावर थकबाकीचा हुकूम आणून मी तिची माती केली. आणि भिकाऱ्याला पूर्ववृत्त असायलाच हवे हे कोणी ठरवले? आपल्या दाराशी येणाऱ्या किती जणांचे पूर्ववृत्त आपण विचारतो? तो शेजार होता, ऋण नव्हते. ऋण फेडायचे असते. शेजार आपल्या जागी राहतो. आपण बिऱ्हाड हलवले म्हणून शेजाऱ्याने मरावे वा लग्न करावे असे नाही.

हा भेद मी काही परदेशातून आणलेला नाही. महाभारताएवढी उपकथानके दुसऱ्या कोणत्या ग्रंथाला आहेत? स्त्रीपर्वात गांधारी कृष्णाला शाप देते. तो छत्तीस वर्षांनी, मौसलपर्वात, यादवकुळाचा घास घेऊन फिटतो. तिथे व्यासांनी हिशेबात एक दिवसही सोडलेला नाही. आणि अश्वत्थामा? त्याचे लग्न नाही, मरण नाही, मोक्ष नाही. शापाने त्याला रानोमाळ हिंडत ठेवले आहे. आमच्या आजीच्या सांगण्याप्रमाणे तो अजून भळभळत्या कपाळाला तेल मागत दारोदार फिरतो; नर्मदेच्या परिक्रमेला गेलेले लोक तो भेटल्याचे सांगतात. झोपलेल्या पोरांना मारणाऱ्याची गोष्ट संपू नये, हाच तिचा शेवट. कोणा संपादकाने व्यासांना ‘कलम अमुक : अश्वत्थाम्याचे पुढे काय?’ असे विचारले नाही, हे आपले भाग्य. विचारते तर त्याचीही मलमपट्टी होऊन गेली असती.

आमच्या कादंबरीनेही हे ओळखलेले आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये येऊ लागली. तीत यमूच्या कहाणीशेजारी तिची मैत्रीण दुर्गी हिची कहाणी चालते. दुर्गीला सुखी करून हरिभाऊंना वाचकांचे अश्रू पुसता आले असते. त्यांनी ते केले नाही, कारण एका यमूचे दुःख हा अपवाद नव्हे हे सांगायलाच दुर्गी तिथे आहे. पुस्तकाचे नावच प्रश्न होऊन उभे आहे. त्याचे उत्तर शेवटच्या प्रकरणात नाही, आपल्याकडे मागितलेले आहे. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. किती माणसे, किती लहान लहान गोष्टी! त्यांना कोण जुळवतो? दुष्काळ. पाणी आटते, मेंढरे मरतात, माणसे उठून जातात, वाडी ओस पडते आणि मास्तरही निघतो. विखुरणे हीच त्या पुस्तकाची गाठ आहे.

आणि शेवटी सर्वांची हकीगत सांगणे हेच पाप, असेही मी म्हणत नाही. जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ १८७१-७२ साली आठ भागांत निघाली. ती मुळात दोन वेगळ्या गोष्टी म्हणून सुरू झालेली होती. तिच्या उपसंहारात एकेकाचे पुढे काय झाले ते सरळ सांगितले आहे. पण ते सांगणे प्रामाणिक आहे. वैद्यकात नवे काही करून दाखवण्याची उमेद बाळगून आलेला लिडगेट श्रीमंतांचा डॉक्टर होतो, चांगले कमावतो, आणि पन्नाशीत मरताना स्वतःला अपयशी समजतो. यादीवाल्याने लिहिले असते, ‘लिडगेटचा जम बसला.’ तेही खोटे नव्हे. दोन वाक्यांत फरक आहे तो एवढाच, की एलियटला तो माणूस ठाऊक होता.

घरोघर फराळाची ताटे भरत असताना हा अंक आपल्या हाती येईल, म्हणून मुद्दा करंजीने सांगतो. करंजीची कड मुरडायची असते ती कढईत सोडण्यापूर्वी. कड नीट बसली नसेल तर सारण तेलात उतरते, तेल काळे होते आणि मग झाऱ्याने कितीही दाबले तरी ती करंजी मिटत नाही. उपकथानक मुख्य कथेला जोडायचे ते असेच, आधी, ती माणसे प्रथम एका उंबऱ्यात येतात तेव्हा, एकाच प्रश्नाने. शेवटचे प्रकरण ही कढई आहे. तिथे सुईदोरा घेऊन धावणाऱ्याने समजावे की चूक तिसऱ्या प्रकरणात झाली.

हे सारे मला एवढ्या मुद्द्यांनिशी पुस्तकांतून कळले असे वाटेल. कळले ते घरात. माझ्या एका आत्याचा मुलगा सतराव्या वर्षी, परीक्षेवरून बोलाचाली होऊन, घरातून गेला तो गेला. आत्या रात्री पुढच्या दाराला कडी लावीत नसे. दार नुसते लोटून ठेवी. दिवाळीला माहेरी, म्हणजे आमच्याकडे, यायची तेव्हा शेजारणीला घरात निजायला सांगून येई आणि कडी लावू नको असे बजावून येई. माझ्या कादंबरीतल्या काकू तिच्यावरूनच घेतल्या होत्या. कडी मी जशीच्या तशी उचलली होती. पुस्तक निघाले त्या दिवाळीत तिने ते दोन दुपारी बसून वाचले. मी आसपास घुटमळत होतो. शेवटचे पान मिटून ती म्हणाली, “चांगलं लिहिलंयस हो. पोरगा आला, तेही बरं झालं.” मग चष्मा पुसत म्हणाली, “पण अरे, त्या रात्री हिने कडी लावली का, ते नाही लिहिलंस.”

मी म्हणालो, “ते राहिलंच, आत्या.”

“राहतं,” ती म्हणाली आणि वाती वळायला बसली.

मुलगा परत आणल्याबद्दल ती रागावली नव्हती. हे खोटे आहे, असेही म्हणाली नाही. त्या उपकथानकाचा शेवट कुठे होता तेवढे तिने दाखवले. मुलगा परत येणे हे कलम चौथे होते. कडी ही काकूंची गोष्ट होती. इतकी वर्षे दार उघडे ठेवलेल्या बाईचा हात त्या रात्री कडीकडे गेला असेल काय? की सवयीने दार लोटून ती निजली असेल? की कडी लावून मग रात्रभर जागी राहिली असेल? मला ठाऊक नव्हते, कारण मी तिथे थांबलोच नव्हतो. मला नणंदेच्या लग्नाची घाई होती. आणि ती सारी कादंबरी तरी कशाची होती? वाड्याचे दार कोणाचे, आत कोण आणि बाहेर कोण, ह्याचीच. ती कडी मला कळली असती तर पाचही कलमे आपोआप आपापल्या जागी बसली असती. मुलगा आला असता की नसता, ह्याने काही बिघडले नसते.

आत्या जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. मुलगा आला नाही.

सध्या एक कादंबरी हातावेगळी करीत आहे. शेवटचे प्रकरण टेबलावर आहे आणि पुन्हा सहा माणसे मोकळी दिसतात. ह्या खेपेस यादी मीच केली आहे. पण कोणाचे काय झाले असे न विचारता प्रत्येक नावापुढे त्याची कडी कोणती, एवढेच लिहिले आहे. चौघांची सापडली. दोघांची अजून नाही. ती सापडेपर्यंत हस्तलिखित प्रकाशकांकडे जाणार नाही. मग पुढची दिवाळी हुकली तरी बेहत्तर.